विकतची गांडुळं रानात सोडू नका

पावसाळा तोंडावर आला की गांडुळांचा बाजार तेजीत येतो. किलोच्या भावानं कल्चर घ्यायचं, पोत्यात घालून रानात न्यायचं आणि उसाच्या सरीत सोडून द्यायचं, असा सल्ला अजूनही दिला जातो. हे पैसे वाया जातात, आणि तेही नेमके ज्यांना परवडत नाहीत त्यांचे.

खतासाठी विकली जाणारी गांडुळं बहुतेक आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या जातींची असतात. पहिली मूळची युरोपातली, दुसरी आफ्रिकेतली. दोन्ही शेणात आणि कुजत्या पाल्यात, जमिनीच्या अगदी वरच्या थरात राहणारी. पाऊस उघडला, उघडं रान तापलं, की खोल बिळं करून जीव वाचवणं त्यांना जमत नाही. गांडुळाला फुफ्फुसं नसतात. ते कातडीनं श्वास घेतं. कातडीवरच्या ओलाव्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात जातो, त्यामुळे कातडी सुकली की ते गुदमरलंच.

गांडूळखताच्या बेडची सगळी निगा यातूनच येते. सावली हवी, वर ओलं गोणपाट हवं. आतला माल मुठीत दाबला तर एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. पाणी साचलं तर हवा कोंडते. ताजं शेण तर घालूच नये. त्याचा ढीग आतून इतका तापतो की गांडुळं शिजून मरतात. शेण आधी पंधरा-वीस दिवस निवू द्यावं. दुसरं असं, की गांडुळाला दात नाहीत. गिळलेल्या वाळूच्या कणांनी ते पेषणीत अन्न दळतं, आणि त्याचं पोषण बरंचसं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर होतं. म्हणून अर्धवट कुजलेलाच माल त्याला मानवतो.

खत चाळताना लिंबाच्या आकाराच्या, मोहरीहून जराशा मोठ्या पिवळसर गोळ्या दिसतील. ते कोष. प्रत्येक गांडुळात नर-मादी दोन्ही अवयव असतात, तरी मीलनाला सहसा दोघं लागतात. मग अंगावरच्या जाड पट्ट्यातून एक कडं स्रवतं, ते डोक्याकडून निसटताना अंडी आणि शुक्राणू घेऊन जातं आणि दोन्ही टोकांनी मिटतं. आयसेनियाच्या एका कोषातून साधारण तीन आठवड्यांत दोन-तीन पिल्लं निघतात. खत कडक उन्हात वाळवलं की ही पुढची पिढी जाते. ते सावलीतच सुकवा.

मग शेताला गांडुळं आणायची कुठून? ती तिथंच आहेत. अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात शिकलेला फेरेटिमा आपल्या मातीतलाच, बिळं करून राहणारा. चार्ल्स डार्विननं १८८१ साली गांडुळांवरच्या पुस्तकात हिशेब मांडला होता, की इंग्लंडच्या अनेक भागांत वर्षाला एकरी १० टनांहून जास्त माती त्यांच्या पोटातून वर येते. ती गांडुळं कुणी विकत आणून सोडली नव्हती. त्यांना खायला पालापाचोळा होता आणि बिळं मोडणारा नांगर वर्षानुवर्षं फिरत नव्हता.

आपल्याकडे ऊस तुटला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात पडतं आणि एका काडीनं ते संपतं. त्याबरोबर वरच्या थरातली ओलही जाते. खत बेडमध्ये करा, तयार झालं की रानात टाका. गांडुळं मात्र बेडमध्येच राहू द्या. कल्चरचे पैसे पाचट कुट्टी करून घ्यायला वापरा, आणि यंदाच्या खोडव्याला ते सरीतच कुजू द्या.