मध्ययुगाच्या माथी

आपल्याकडे एखाद्याला सुसंस्कृत शिवी द्यायची झाली, की त्याला ‘मध्ययुगीन’ म्हणतात. बाप मुलीला शिकू देत नाही, तो मध्ययुगीन. गावाने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले, ते गाव मध्ययुगीन. अग्रलेख असो, सभेतले भाषण असो, की जेवणानंतरच्या सुपारीबरोबरची चर्चा असो; हा शब्द एकदा उच्चारला म्हणजे बोलणाऱ्याचे काम संपते. आपण अलीकडच्या तीरावर सुखरूप पोचलो आहोत, तो बिचारा पलीकडे राहून गेला आहे आणि आज ना उद्या काळच त्याला होडीत घालून इकडे आणील, असा या शब्दाचा भावार्थ. काळ हा जणू आपल्या पदरी ठेवलेला नावाडी!

माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. तरीही वीस वर्षे मास्तरकी केली, चार कादंबऱ्या लिहिल्या आणि हा शब्द तर सढळ हाताने वापरला. यंदा मात्र त्याच्याशी माझे भांडण झाले. ते फराळाच्या ताटाशी आणून मांडतो आहे, याबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

निमित्त युरोपच्या इतिहासाच्या धड्याचे. ‘मध्ययुगात लोक अज्ञानी असल्यामुळे बायकांना चेटकिणी समजून जाळीत. पुढे छापखाना निघाला, विज्ञान आले आणि ही प्रथा बंद पडली.’ या उत्तराला मी वर्षानुवर्षे पुरे गुण देत आलो. यंदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘‘गुरुजी, शेवटची बाई कधी मारली?’’ मला सांगता येईना. ‘‘उद्या सांगतो,’’ म्हटले आणि संध्याकाळी वाचनालय गाठले. त्या उद्याला बरेच दिवस लागले.

वाचू लागलो तेव्हा कळले, की सगळे उलटेच आहे. इसवी सन ७८५च्या सुमारास शार्लमेन राजाने सॅक्सन लोकांसाठी कायदे केले. अमुक बाई चेटकीण आहे असे मानून जो तिला जाळील, त्यालाच देहान्ताची शिक्षा, असे त्यांत एक कलम आहे. पुढे ९०६च्या सुमारास चर्चच्या एका नियमसंग्रहात असे आले, की बायका रात्री आकाशातून उडतात ही समजूत म्हणजे निव्वळ भ्रम. हे ऐन मध्ययुग! आणि बायका धरून मारण्याचा खरा हंगाम कोणता? साधारण १४५० ते १७५०. गुटेनबर्गच्या छापखान्यापासून न्यूटनच्या पलीकडेपर्यंत. चेटकिणी कशा ओळखाव्यात आणि त्यांच्याकडून कबुली कशी काढावी, हे शिकवणारा कुप्रसिद्ध लॅटिन ग्रंथ १४८६च्या सुमारास निघाला आणि छापखान्याच्या कृपेने त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या खपल्या. छापखान्याने प्रथा बंद पाडली म्हणे! आम्हां लेखकांना छापखान्याचे फार कौतुक. पण खिळ्यांना सत्य आणि असत्य यांतला भेद कळत नाही. त्या तीनशे वर्षांत चाळीस ते साठ हजार माणसे मारली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक बायका.

यांतली एक बाई मला झोपू देईना. कातारीना केप्लर. ग्रहांच्या गतीचे नियम ज्याने शोधून काढले, त्या योहानेस केप्लरची ही आई. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग संस्थानात लिओनबर्ग नावाचे गाव. तिथे ही विधवा म्हातारी झाडपाल्याची औषधे देत असे. १६१५ साली काचकाम करणाऱ्या एकाच्या बायकोने आळ घेतला, की हिने दिलेल्या कडू पेयाने मी आजारी पडले. एकीने म्हटले, की दुसरीला आठवते, तिसऱ्याला आपली मेलेली गुरे आठवतात. गावगाड्यात राहिलेल्या वाचकाला हा प्रकार निराळा समजावून सांगायला नको. मुलाने १६०९ साली ग्रहांचे पहिले दोन नियम प्रसिद्ध केले होते, तिसरा १६१९मध्ये केला. आणि १६२०च्या ऑगस्टमध्ये त्याच्या सत्तरी ओलांडलेल्या आईला अटक होऊन पायांत बेड्या पडल्या. केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरातले आपले काम टाकून धावून आला. आकाशातले गणित बाजूला ठेवले आणि एकेका साक्षीदाराची जबानी तपासून आईचा बचाव त्याने मुद्देसूद लिहून काढला. चौदा महिने ती माउली कैदेत होती. शेवटी छळाची हत्यारे तिच्यापुढे मांडून हत्यारवाल्याकडून धमकावण्यात आले. ती कबूल झाली नाही.

आता सांगा, हे कोणते युग? एकाच घरात, एकाच वर्षी, मुलगा आधुनिक आणि आईभोवतीचा गाव मध्ययुगीन, असे म्हणायचे का? आणि खटला काही अडाणी जमावाने चालवला नव्हता. लेखी जबान्या, वकील, विद्यापीठातल्या कायदेपंडितांचे मत, सारे काही रीतसर होते. ती यंत्रणा त्या काळी नवीन होती, आणि तिच्या शिस्तीचा आधुनिकांना अभिमानही होता.

वर्गातल्या मुलीला हवी होती ती तारीख १७८२ची निघाली. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारूस परगण्यात आना गोल्डी या मोलकरणीचा त्या साली शिरच्छेद झाला. फ्रेंच राज्यक्रांतीला अवघी सात वर्षे उरली होती. तिला निर्दोष ठरवायला त्या परगण्याच्या विधिमंडळाने २००८ साल उजाडू दिले.

कोणी म्हणेल, हे बायकांपुरते झाले. राज्यकारभारात तरी युरोप पुढेपुढेच गेला ना? तर तिथेही काळ नावाडी निघाला नाही. १३४७ ते १३५१च्या प्लेगमध्ये युरोपातली निदान एक तृतीयांश माणसे मेली. मजुरांची टंचाई झाली आणि पश्चिमेकडल्या कुळांनी मजुरी वाढवून मागितली. इंग्लंडात ती जुन्या दराला बांधण्यासाठी १३५१मध्ये कायदा झाला, १३८१मध्ये शेतकऱ्यांचे बंड झाले आणि ते मोडलेही. पण पुढच्या शतकात तिथली वेठ आपोआप नव्हे, तर कुळांच्या चिवटपणामुळे झिजत गेली. एल्बे नदीच्या पूर्वेला मात्र उलटा प्रवाह. जमीनदारांना पश्चिमेच्या बाजारात धान्य विकायचे होते आणि हात फुकट हवे होते. पोलंडमध्ये १५२०च्या कायद्याने आठवड्याला एक दिवस वेठ ठरली. पुढे ती तीन-चार दिवसांवर आणि त्याहीवर गेली. रशियात १४९७ साली कुळाला वर्षातून एकदा, सुगी संपल्यावर दोन आठवड्यांत, जमीनदार सोडून जाण्याची मुभा होती. १६४९च्या कायद्याने तीही कायमची गेली. म्हणजे मध्ययुगाच्या अखेरीस ज्याला जाता येत होते, त्याचा पणतू आधुनिक युगात जमिनीला खिळला! व्हॉल्तेअरशी पत्रव्यवहार करणाऱ्या कॅथरिन राणीने १७६७ साली मालकाविरुद्ध तक्रार करण्याचाही कुळाचा हक्क काढून घेतला. ही बेडी तुटली १८६१मध्ये. अॅमस्टरडॅमच्या मोकळ्या नागरिकाच्या ताटातली भाकरी पुष्कळदा या वेठीच्या हातांनी पिकवलेली असे. एकाचे आधुनिक होणे आणि दुसऱ्याचे मागे ढकलले जाणे यांचा हिशेब एकाच वहीत होता.

‘‘म्हणजे मास्तर, तुम्ही मध्ययुगाचे पोवाडे गाता?’’ असा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत झालाच. मुळीच नाही. त्याच प्लेगचे खापर ज्यूंच्या माथी फोडून १३४९च्या फेब्रुवारीत स्ट्रासबुर्ग शहरात त्यांना जिवंत जाळले, हे मी विसरलेलो नाही. माझे म्हणणे इतकेच, की प्रत्येक युगाचे पाप त्याच्याच खाती मांडा. आपल्या खात्यातले उचलून आजोबांच्या नावावर टाकू नका.

स्वित्झर्लंडमधल्या आपेन्झेल इनररोडन परगण्याची पुरुषमंडळी उघड्या चौकात हात वर करून मतदान करीत. कमरेची तलवार हाच मतदार असल्याचा पुरावा. परंपरा मध्ययुगापासूनची, आणि लोकशाहीची! पण बायकांना मत देण्याचे त्यांनी १९९०च्या एप्रिलमध्येही नाकारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना भाग पाडले. आमच्या आज्यांनी १९५१-५२च्या पहिल्याच निवडणुकीत मत दिले होते. यात फुशारकी मारण्यासारखे फारसे नाही. कारण २०१३ साली पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला तेव्हा मीही ‘मध्ययुगीन कृत्य’ असेच म्हटले होते. मारेकरी मोटारसायकलवरून आले, पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. त्यांत मध्ययुगाचे काय होते? त्याच वर्षी अघोरी प्रथांविरुद्धचा जो कायदा महाराष्ट्रात झाला, तो काळाने आणून दिला नाही. त्यासाठी वर्षानुवर्षे माणसे झिजली होती.

आता ते उत्तर कोणी लिहिले, तर मी निम्मे गुण कापतो. पालकांची तक्रार आली. पुस्तकात तर तसेच आहे, असे ते म्हणाले. खरे आहे, आहे. वरिष्ठांनीही समज दिली, की परीक्षेच्या दृष्टीने पुस्तकालाच धरून राहावे.

ती मुलगी मात्र मधल्या सुट्टीत पुन्हा आली. तारखेचे तिने काहीच केले नाही. ‘‘गुरुजी, केप्लरची आई सुटली का?’’ म्हणाली. सुटली, मी सांगितले, १६२१च्या शरद ऋतूत. ‘‘मग घरी गेली?’’ गावाला ती परत नको होती. एप्रिल १६२२मध्ये ती वारली.