आधी पाणी, मग फडका

सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोरड्या फडक्यानं गाडी खसाखसा पुसताना पाहिली की जीव कळवळतो. धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते घासले गेले की उन्हात गोल गोल ओरखडे चमकू लागतात. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे याच थराचा अंश घासून काढणं, त्यामुळे दसऱ्याला एकदा केलं तरी पुष्कळ. वॅक्स मात्र वरून संरक्षण देतं, ते दर तीन-चार महिन्यांनी खुशाल लावा. गाडी सावलीत, बॉनेट गार झाल्यावरच धुवावी. आधी नुसतं पाणी ओतून धूळ वाहू द्यावी, मग टपापासून खाली शाम्पू. फडका खळबळायला दुसरी बादली हवीच. बोअरचं पाणी अंगावर वाळू देऊ नये, क्षारांचे पांढरे डाग धरतात. काचेवरचे असे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरनं निघतात. काचांचं कापड वेगळंच ठेवावं: वॅक्सचा तेलकटपणा पुढच्या काचेला लागला तर पावसात रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो, आणि घाटात ते जिवावर बेतू शकतं. वेळ नसेल तर गाडी धुळीची राहू द्या, पण कोरडी पुसू नका.