यजमानपद कोल्हापूरला द्या

न्यायाधीशांच्या परिषदा होतात, वकिलांची अधिवेशने गाजतात. अपील दाखल करून घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवावे, असे मात्र आपल्याकडे क्वचितच कुणाला सुचते. अमेरिकेत अपील न्यायालयांच्या क्लार्कांची राष्ट्रीय संघटना १९७३ पासून आहे आणि तिची वार्षिक परिषद निरनिराळ्या शहरांत भरते. आपल्याकडेही अशी परिषद व्हावी, आणि तीही कोल्हापुरात.

अपील दाखल करून घेण्याचे काम नुसते शिक्के मारण्याचे नाही. दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस मिळतात. त्यातून निकालाची नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ वगळायचा. ही मोजदाद आधी टेबलावर होते, मग न्यायासनासमोर. आक्षेप निघाला की प्रकरण अडते. नजरेतून सुटला तर पुढे नवाच वाद. (पक्षकाराला यातली फक्त पुढची तारीख कळते.)

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणे तिकडे वळली. दप्तरे कशी हलवली, नोंदी कशा जुळवल्या, हे या परिषदेत नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्याच्या सहकाऱ्यांनी कोल्हापूरकरांकडूनच ऐकावे. उद्घाटनाची भाषणे तेवढी अर्ध्या तासात आटोपा. टेबलावरच्या अडचणींना दोन दिवसही अपुरे पडतील.