झाड हाताला कळू द्या
बालवाडीच्या भिंतीवर झाडाचं रंगीत चित्र असतं आणि फाटकाबाहेर खरा उंबर उभा असतो. मुलांना तिथे न्या. खोडाला गाल लावू द्या, खाली पडलेलं उंबर फोडू द्या. आत बारीक किडे वळवळतात. या झाडाची फुलं फळाच्या पोटातच दडलेली असतात. असं शिकवणं नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, शिंपले हीच साधनं. शहरातही हे जमेल. डोंबिवलीकरांना ठाण्याजवळचं येऊरचं जंगल लांब पडेल, पण सोसायटीतला गुलमोहर तर दारातच आहे. आठवड्यातला एक तास त्याच्याखाली घालवा. हाताला कळलेलं झाड मूल सहसा विसरत नाही.