शू झाली का?

या वर्षी आमच्या फॅमिली ग्रुपवर सर्वांत जास्त स्मायली कोणत्या मेसेजला मिळाले, सांगू? ‘शू झाली!’ या मेसेजला.

ताईचं बाळ तिसाव्या आठवड्यातच आलं. वजन १,२०० ग्रॅम. माझा लॅपटॉप याहून जड. एनआयसीयूत व्हेंटिलेटर, नळ्या आणि कपाळावर चिकटवलेला एक सेन्सर. त्यातून न दिसणारा प्रकाश कवटीच्या आत जातो आणि मेंदूतल्या रक्तात ऑक्सिजन किती उरलाय ते कळतं. फ्रान्स योब्सिस यांनी ही युक्ती १९७७ साली जगापुढे मांडली. मॉनिटरवर आकडा होता ७२. दिवसभर एक्सेलमध्ये राहणारा माणूस मी. मला तो आकडाच भाचा वाटायला लागला. सत्तरच्या वर? मग सगळं ओके!

सिस्टर मात्र डायपरच्या मागे. चक्क काट्यावर ठेवून वजन करायच्या! एक ग्रॅम वाढलं की एक मिली शू. किलोमागे तासाला निदान एक मिली हवी, म्हणजे याला सहा तासांत सात मिली. जेमतेम दीड चमचा. दुसऱ्या रात्री तेवढीही झाली नाही. आणि मेंदूचा आकडा? ७१!

‘‘मग प्रॉब्लेम काय, डॉक्टर?’’

प्रॉब्लेम हाच. रक्त किंवा ऑक्सिजन कमी पडला की शरीर आधी मेंदू आणि हृदय सांभाळतं. कॉस्ट कटिंग सुरू होतं ते किडनीपासून. त्यात व्हेंटिलेटरमुळे छातीतला दाब वाढला, तर हृदयाकडे परतणारं रक्तही घटतं. क्रिएटिनिन तपासावं, तर पहिले काही दिवस त्यात आईचाच वाटा असतो. म्हणून डायपर.

नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवून भागत नाही, हे मोठ्या चाचणीतही दिसलंय. सेफबूस्क-थ्री ही ती चाचणी, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली. फार लवकर जन्मलेली १,६०१ बाळं त्यात होती. मेंदूचा मॉनिटर पाहून उपचार केले, तरी मृत्यू किंवा मेंदूची गंभीर इजा कमी झाली नाही.

डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचा दाब जरा उतरवला, सलाइनचा हिशेब बदलला. पहाटे साडेचारला सिस्टर बाहेर आल्या. ‘‘नऊ ग्रॅम!’’ जिजाजी भिंतीकडे तोंड करून रडले.

भाचा आता घरी आहे. किडनीची तपासणी मात्र पुढेही करायची आहे. आणि मी? ऑफिसात डॅशबोर्ड हिरवागार दिसला की हल्ली मनात पहिला प्रश्न येतो : यासाठी शू कोणाची थांबलीय?