नांवाच्या वादांत हरळय्याचा वांटा

सोलापूर-वाडी लोहमार्गावरचें आमचें दुधनी हें सरहद्दीचें गांव. पेठेंत तुरीचा भाव मराठींत विचारावा आणि उत्तर कानडींत यावें, ह्यांत येथें कोणालाच नवल वाटत नाहीं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें जी रेघ आंखली ती आमच्या शिवारापलीकडून गेली. आळंद आणि अफझलपूर हे तालुके म्हैसूर राज्यांत गेले, आम्ही मुंबई राज्यांत राहिलों, पण सोयरीक होती तशीच राहिली. त्यामुळें २०२५ च्या सप्टेंबर-आक्टोबरांत कर्नाटकाच्या मागासवर्ग आयोगाचे गणक घरोघर फिरूं लागले, तेव्हां पलीकडच्या बहिणीला पडलेला प्रश्न अलीकडच्या भावाच्या ओट्यावर येऊन बसला. धर्माच्या रकान्यांत लिहावें काय? वीरशैव-लिंगायत महासभा म्हणे, 'वीरशैव-लिंगायत' लिहा. जागतिक लिंगायत महासभा म्हणे, नुसतें 'लिंगायत' लिहा. कांहीं मठाधिपति म्हणत, धर्म हिंदूच लिहा, बाकीचें जातीच्या रकान्यांत घाला. गळ्यांत एकच इष्टलिंग, कपाळीं एकच भस्म, आणि रकाना मात्र एक असतां उत्तरें तीन! जातिनिहाय जनगणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें त्याच वर्षीं जाहीर केला असल्यामुळें हा प्रश्न दुधनीच्याही दाराशीं येणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. म्हणून तो येण्यापूर्वींच आम्ही त्याविषयीं चार शब्द स्पष्टपणें लिहूं इच्छितों.

वादाचें मूळ थोडक्यांत असें. एका पक्षाच्या मतें ह्या धर्माचे संस्थापक रेणुकादि पंचाचार्य. त्यांचीं पीठें रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल आणि काशी येथें आहेत. बसवेश्वर हे त्याच धर्माचे बाराव्या शतकांतील थोर सुधारक. दुसऱ्या पक्षाच्या मतें बसवेश्वर हेच संस्थापक. वीरशैव हा आगमांतून आलेला शैवांचा एक पंथ, त्याचा आणि वेद, वर्ण व अग्रपूजा झुगारून देणाऱ्या शरणांचा संबंध नंतर जोडला गेला. इतिहासाच्या ह्या प्रश्नावर निकाल देण्याचा अधिकार आमच्याकडे नाहीं, आणि खरें म्हणाल तर तो कोणत्याही न्यायाधीशाकडे नाहीं. परंतु आठशें वर्षें एकाच मठांत प्रसाद घेतलेल्या माणसांनीं हा प्रश्न कागदपत्रें घेऊन सरकारदरबारीं नेला, तो कां नेला, हें मात्र पाहण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला आहे.

नांवाचें हें वेड आजचें नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीं आमच्याच सोलापुरांतून संस्कृत धर्मग्रंथांची एक माला प्रसिद्ध होत असे. तिच्या नांवांतच 'वीरशैव' आणि 'लिंगी ब्राह्मण' हे शब्द होते. त्या काळीं खानेसुमारीचे अधिकारी लिंगायतांना शूद्रांत ढकलूं पाहत, आणि त्याला उत्तर म्हणून कांहीं पुढाऱ्यांनीं आपण ब्राह्मणच असल्याचा दावा मांडला होता. म्हणजे ज्या शिडीवर वरची पायरी मिळावी म्हणून आजोबांनीं नांव मागितलें, त्या शिडीवरूनच उतरण्याकरितां आज नातू नांव मागत आहे. आम्ही ह्याची थट्टा करीत नाहीं. अपमान सोसणारा समाज ज्या काळीं जें दार उघडें दिसेल तेंच ठोठावतो. पण दोन्ही वेळां दार उघडणारा सरकारी कारकूनच होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

खुद्द बसवेश्वरांची सही देखील कोर्टांतून सुटली नाहीं. त्यांच्या वचनांच्या शेवटीं 'कूडलसंगमदेव' ही मुद्रा येते. माते महादेवी ह्यांनीं आपल्या वचनसंग्रहांत तिच्या जागीं 'लिंगदेव' घातलें. १९९८ सालीं कर्नाटक सरकारनें तें पुस्तक जप्त केलें, आणि २०१७ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही जप्ती उठविण्यास नकार दिला. मुद्रा बदलणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. दुसऱ्याच्या लेखाखालचें नांव फिरविण्याचा अधिकार शिष्यासही नसतो. तरी पण पाठभेदाचा निर्णय पंडितांनीं करावयाचा तो फौजदारी कायद्याच्या कलमानें व्हावा, आणि त्याला एकोणीस वर्षें लागावीं, हें कोणत्याच पक्षास भूषणावह नव्हे.

आतां मुख्य दाव्याकडे वळूं. वेगळ्या धर्माची नोंद मिळावी अशी मागणी महासभेनें केंद्राकडे केली होती. ती २०१३ सालीं नाकारण्यांत आली. २०१७ सालीं बीदर, बेळगांव, लातूर येथें प्रचंड मोर्चे निघाले, तेव्हां मागणी तीच, पण नांवावरून फळी दुभंगलेली. न्यायमूर्ति नागमोहन दास ह्यांच्या समितीच्या अहवालावरून कर्नाटक सरकारनें मार्च २०१८ त, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, 'लिंगायत व बसवतत्त्व मानणारे वीरशैव लिंगायत' ह्यांना धार्मिक अल्पसंख्य मानावें अशी शिफारस केली. ह्या शब्दरचनेकडे वकिलाच्या नजरेनें पाहावें. वीरशैवाला आंत घेतलें, पण दारावर अट बसविली. आणि बसवतत्त्व कोण मानतो व कोण मानीत नाहीं हें तहसीलदार कोणत्या पुराव्यावरून ठरविणार, तें कोणी सांगितलें नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्रानें शिफारस अमान्य केली.

गंमत ही कीं, दोन्ही नांवांची सोय कायद्यानें केव्हांच करून ठेविली आहे. १९५५ चा हिंदु विवाहाचा आणि १९५६ चा हिंदु वारसाहक्काचा कायदा उघडून पाहावा. हा कायदा कोणास लागू, हें सांगतांना दुसऱ्या कलमांत 'वीरशैव' हा शब्द आहे, त्यापुढें स्वल्पविराम, आणि मग 'लिंगायत'. दोघांचा उल्लेख वेगळा आणि दोघांना कायदा एकच. अल्पसंख्य म्हणून नोंद झाली तरी तो बदलेलच असें नाहीं; जैनांना २०१४ सालीं राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य मानलें गेलें, तथापि त्यांची वाटणी आजही ह्याच वारसाहक्काच्या कायद्यानें होते. मग नव्या नोंदीनें मिळणार तें काय? राज्यघटनेच्या तिसाव्या कलमान्वयें आपल्या शिक्षणसंस्था आपल्या मताप्रमाणें चालविण्याचा अधिकार. हा अधिकार लहान नाहीं, आणि तो मागणें हा गुन्हाही नाहीं. पण तो ज्यांच्या हातांत महाविद्यालयें आहेत त्यांच्या प्रथम कामाचा आहे. दुधनीच्या अडत्याकडे पोतीं वाहणाऱ्या हमालाच्या कामाचा तो किती, हें विचारलें म्हणजे आम्हांस धर्मद्रोही ठरवूं नये.

असे दावे पूर्वींही झाले आहेत, आणि त्यांचा हेतु न्यायालयांनीं तपासला आहे. १९४७ च्या मुंबई इलाख्याच्या हरिजन मंदिरप्रवेश कायद्यानें देवळांचीं दारें उघडलीं, तेव्हां अहमदाबादच्या कांहीं सत्संगी मंडळींनीं १९४८ त फिर्याद केली कीं, स्वामिनारायण संप्रदाय हा हिंदु धर्म नव्हेच, सबब तो कायदा आमच्या देवळांस लागू नाहीं. हा खटला अठरा वर्षें चालला. १४ जानेवारी १९६६ रोजीं, सातारचे सुपुत्र सरन्यायाधीश गजेंद्रगडकर ह्यांनीं तो फेटाळतांना हिंदु धर्माचें जें विवेचन केलें त्याचे दाखले आजवर दिले जातात. आम्हांस त्या विवेचनापेक्षां निकालाचा शेवट मोलाचा वाटतो, जेथें ह्या फिर्यादीच्या मुळाशीं अस्पृश्यांच्या प्रवेशाची धास्ती होती असें न्यायमूर्तींनीं आडपडदा न ठेवतां म्हटलें. पुढें रामकृष्ण मिशननेंही आपण वेगळा धर्म असल्याचें म्हणणें मांडलें, तें बंगालमधील महाविद्यालयांवरील सरकारी हात टाळण्याकरितां. १९९५ त सर्वोच्च न्यायालयानें तेंही मान्य केलें नाहीं. लिंगायतांचा दावा ह्या दोहोंहून बळकट आहे, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करितों. वर्णव्यवस्थेविरुद्ध उभा राहिलेला पंथ वर्णधर्माच्या बाहेर आपली जागा मागतो, ह्यांत तर्कदुष्टता कांहींच नाहीं. म्हणूनच त्याची परीक्षा अधिक कडक व्हावयास हवी.

ती परीक्षा हरळय्याच्या घरीं होते. कल्याणची कथा मंगळवेढ्यापासून दुधनीपर्यंत पोरासोरांस ठाऊक आहे. हरळय्या जातीनें चांभार, मधुवय्या जन्मानें ब्राह्मण. दोघेही शरण झाले, एकाच्या मुलाशीं दुसऱ्याच्या मुलीचें लग्न झालें, आणि त्यापायीं बिज्जळानें दोघां बापांना देहांत शासन दिलें अशी परंपरा सांगते. कल्याण पेटलें तें ह्या एका लग्नावरून. आतां महाराष्ट्रांतील अनुसूचित जातींची यादी काढावी. चांभार, मोची, समगार ह्यांच्याच ओळींत एक नांव आहे, 'हरळय्या'. आठशें वर्षांपूर्वीं ज्यानें लिंग धारण केलें, त्याचें नांव सांगणारा समाज आजही त्या यादींत आहे.

आणि त्या यादीच्या आदेशांत तिसरा परिच्छेद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचें समजलें जात नसे; १९५६ त सर्व शीख दलितांस आणि १९९० त बौद्धांस त्यांत घेतलें. लिंगायताचें नांव त्यांत नाहीं. तेव्हां ज्या दिवशीं लिंगायत हा वेगळा धर्म ठरेल, त्या दिवशीं देशमुख-देसायाचा मुलगा अल्पसंख्य होईल, आणि हरळय्याची मुलगी आपला दाखला घेऊन अनुसूचित जातींच्या यादीबाहेर उभी राहील. हें भय आमच्या कल्पनेंतलें नाहीं. २०१३ च्या नकारांत हेंच कारण पुढें करण्यांत आलें होतें. बसवेश्वरांच्या नांवानें मिळविलेल्या विजयाची किंमत पहिल्यानें कोणी द्यावी, तर ज्याच्यासाठीं बसवेश्वरांनीं कल्याण सोडलें त्यानें!

कोणी वकील म्हणेल, अल्पसंख्य म्हणून अधिसूचना निघणें वेगळें आणि १९५० च्या आदेशाच्या अर्थानें धर्म बदलणें वेगळें. हा युक्तिवाद आम्हीही करूं शकूं, आणि कदाचित् जिंकूंही. पण तो जिंकेपर्यंत त्या मुलीचें महाविद्यालयाचें वय निघून जाईल त्याचें काय? महाराष्ट्रास हें शिकविण्याची गरज पडूं नये. १४ आक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत लाखो लोकांनीं डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आमच्या राज्यानें पुढें स्वतःच्या अधिकारांत त्यांच्या सवलती चालू ठेविल्या. परंतु केंद्राचा कायदा बदलावयास १९९० साल उजाडलें. चौतीस वर्षें! एक आख्खी पिढी शिकून, नोकरी शोधून, म्हातारी झाली. त्या लोकांनीं तो तोटा डोळे उघडे ठेवून पत्करला होता, आणि ज्यानें त्यांना नेलें तो त्यांच्यांतलाच होता. येथें तोटा एकाचा आणि ठराव दुसऱ्याचा, असा प्रकार आहे.

एका शब्दानें घर कसें बसतें हें आमच्या जिल्ह्यांत शिकवावें लागत नाहीं. साठ वर्षांपूर्वीं कोणा मास्तरानें शाळेच्या दाखल्यावर 'हिंदु लिंगायत' एवढेंच लिहिलें, 'वाणी' हा शब्द सुटला, आणि आज नातू इतर मागासवर्गाच्या दाखल्याकरितां कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. तिकडे 'जंगम' ह्या एका शब्दांतील मठाचा जंगम कोणता आणि भिक्षेवर जगणारा बेडा जंगम कोणता, ह्यावर पडताळणी समित्यांपुढें आणि न्यायालयांत कागदांचे ढीग पडतात. अशा मुलखांत नांवाचा ठराव करतांना शाई वाळण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा लागतो.

लिंगायत वेगळे झाले तर हिंदुस्थान दुबळा होईल, असा जो एक ओरडा होतो त्यांत मात्र आम्ही सामील नाहीं. हें राष्ट्र खानेसुमारीच्या रकान्यावर उभें नाहीं. शीख, जैन, बौद्ध वेगळे म्हणवितात म्हणून त्यांचें राष्ट्रप्रेम कोणी तराजूंत घातलेलें आम्हांस ठाऊक नाहीं. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनीं ज्या लोकांना तळें खणावयास लाविलें, त्यांना देशकार्य निराळें शिकवावयास नको.

तेव्हां आमचें म्हणणें असें. गणक दाराशीं येईल तेव्हां घरच्या माणसाला जें खरें वाटेल तें त्यानें सांगावें. वीरशैव म्हणावें, लिंगायत म्हणावें, हिंदु म्हणावें. मठानें, महासभेनें अथवा पक्षाच्या कार्यकर्त्यानें छापील चिठ्ठी हातांत देऊन तें वदवून घेऊं नये. आणि ज्यांना वेगळ्या धर्माची मागणी पुढें न्यावयाची आहे त्यांनीं ती खुशाल न्यावी. मात्र अर्जांत पहिलें कलम हें घालावें कीं, १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदांत लिंगायताचें नांव आधीं दाखल व्हावें, मग बाकीचें. तें संसदेच्या हातचें काम आहे. तिनें तें शिखांसाठीं केलें, बौद्धांसाठीं केलें. असा ठराव दोन्ही महासभांपैकीं कोणाच्याही व्यासपीठावर, हरळय्या समाजाच्या माणसाला मांडूं देऊन, ज्या दिवशीं पास होईल, त्या दिवशीं त्या सभेचा वृत्तांत आम्ही पहिल्या पानावर शब्दशः छापूं. आजवर आमच्याकडे आलेल्या ठरावांच्या प्रतींत तो आढळला नाहीं.