शॉर्टकट म्हणे!

वजन कमी करायचं ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट, असं म्हणणाऱ्या मंडळींचा मला आताशा वैताग यायला लागलाय. इथल्या मराठी जेवणावळीत हे हमखास ऐकू येतं. पुढचं वाक्यही ठरलेलं : "जिभेवर ताबा नाही, म्हणून पोट कापून घेतलं." म्हणणाऱ्याच्या ताटात तेव्हा तिसरा मोदक असतो. (त्याचं स्वतःचं वजन मात्र 'आनुवंशिक'!)

'स्लीव्ह' प्रकारात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. पिशवी लहान म्हणून खाणं कमी, एवढंच गणित असतं तर प्रश्नच नव्हता. पण भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जिथे मुख्यतः तयार होतं, नेमका तोच भाग कापला जातो. 'बायपास'मध्ये अन्न लहान आतड्यात लवकर पोचतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारी जीएलपी-१, पीवायवाय ही संप्रेरकं कितीतरी जास्त सुटतात. आणि मग चवच बदलते! अनेकांना गोड जास्तच गोड लागतं, मटणाचा वास नकोसा होतो. काहींचं हे काही महिन्यांत ओसरतं, काहींना फरक जाणवतच नाही.

उंदरांवर हे करून पाहिलेलं आहे. नुसतं पोट उघडून शिवलेल्या उंदरांपेक्षा बायपास केलेले उंदीर साखरेकडे आणि चरबीकडे कमी वळतात. आता त्या उंदरांना कुठल्या महाराजांनी संयमाचं प्रवचन दिलं होतं? आपण ज्याला 'ताबा' म्हणून मिरवतो, त्यातलं बरंचसं आतड्यात ठरतं. जीएलपी-१ ची नक्कल करणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आली, तर तीही शॉर्टकटच म्हणे.

बरं, सोपं तरी आहे का? जेवताना पाणी प्यायचं नाही. घास चावून चावून पार लगदा करायचा. आधी प्रथिनं, जागा उरली तर बाकीचं. भात, पोळी गोळा होऊन अडकते. बायपासवाल्याने जिलबी खाल्ली तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. एवढं करून वजन परत वाढूही शकतं. हा शॉर्टकट असेल तर कळसूबाईला सपाट रस्ता म्हणायला हरकत नाही.

खाण्याचे शौकीन म्हणून ठाऊक असलेल्या नितीन गडकरींनी २०११ साली, भाजपचे अध्यक्ष असताना, मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं. राजकारण सोडा, पण मोठ्या माणसाने केलं की ते 'आरोग्याची काळजी', आणि शेजाऱ्याने केलं की शॉर्टकट. असो. इथे क्वीन्सटाउन भागातल्याच नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात ही ऑपरेशनं होतात. सिंगापूर सरकार काही उदार म्हणून प्रसिद्ध नाही, तरी वैद्यकीय गरज असेल तर त्यासाठी मेडिसेव्ह (पगारातून सक्तीने बाजूला पडणारे औषधपाण्याचे पैसे) वापरू देतं. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला देत नाही.

ओळखीतल्या एका ताईंना डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवून दोन वर्षं झाली. मधुमेह आहे, साखर आटोक्यात येत नाही, गुडघे गेलेत. त्यांना सुरीची भीती नाही, भुलीचीही नाही. "सणाला चार माणसांत पान मांडलं की लोक काय म्हणतील हो?" एवढंच विचारत असतात. परवा त्यांनी तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलली.